गाळलेल्या गावातलं जेवण

साताऱ्याहून परत आले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या नागपूरच्या कॉलनीत चौकशी सुरू झाली. कास पाहिलं का? नाही. ठोसेघरचा धबधबा? एप्रिलात धबधब्याला पाणी कुठलं. महाबळेश्वर तर अगदी उशाशी, तिथे तरी गेला असाल? नाही बाप्पा, तिथेही नाही. "मग सहा दिवस केलं काय तुम्ही?" शेजारच्या वहिनींनी कमरेवर हात ठेवून विचारलं. मी म्हटलं, बालगृहं पाहिली. लोक अनाथाश्रम म्हणतात ना, ती. वहिनींचा चेहरा असा पडला की मी जणू सुट्टीत जाऊन स्मशानं बघून आले. मग मी कंदी पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि तो चेहरा हळूहळू जागेवर आला.

वहिनींना तेव्हा जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे. तीस वर्षं मी मुलांच्या संस्थांमध्ये काम केलं. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून आता समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकवत हिंडते. बालगृहात गेल्यावर काय पाहायचं, तिथल्या मुलांचा कोणी गैरफायदा घेत असेल तर ते कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर काय करायचं, एवढाच माझा विषय. साताऱ्याच्या एका कॉलेजने बोलावलं होतं. बारा विद्यार्थी, एक मिनीबस आणि सोमवार ते शनिवार असा कार्यक्रम.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या प्रवासातलं एक गाव मी गाळलं आहे. तिथल्या माणसांची आणि एका मुलीची नावं बदलली आहेत, आणि तिथे जायचा रस्ताही मुद्दाम थोडा वाकडा सांगितला आहे. हुशार वाचकांनी शोधत बसू नये.

सातारा

आम्हा नागपूरकरांना तिखटाचा फार माज असतो. सावजीचा रस्सा खाऊन मोठे झालेलो आम्ही, आम्हाला कोण काय तिखट घालणार, असं मनात धरूनच मी पहिल्या दिवशी कॉलेजच्या मेसमध्ये बसले. पानात भाकरी, वांग्याची भाजी आणि हिरवा खर्डा. आमच्याकडे त्याला ठेचा म्हणतात आणि चिमूटभर घेतात. वाढणाऱ्या मावशींनी चांगला लिंबाएवढा गोळा ठेवला. मी ऐटीत तोंडात टाकला आणि पुढची पाच मिनिटं माझ्या डोळ्यांतून जे पाणी वाहिलं त्यात माझा सगळा माज धुऊन निघाला. "आवं म्याडम, दही घ्या की," मावशी म्हणाल्या, आणि हसू लपवायला तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

विद्यार्थी बारा असले तरी पहिल्याच तासाला दोघांनी माझं लक्ष वेधून घेतलं. एक प्रताप. बाप फौजेत, चुलते फौजेत, त्यामुळे प्रश्न विचारतानाही हा उठून सावधान उभा राहायचा. दुसरी अफरीन, मिरजेची. तिच्या घरी तानपुरे बनवतात. ती बोलायची कमी, लिहायची फार. मी मुलांना सवयीने 'पोट्टेहो' म्हटलं, तर सगळा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. त्यांच्याकडे हा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी प्रतापने फळ्यावर लिहून ठेवलं, 'पोट्ट्यांचा वर्ग'.

शिकवायची माझी पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येकाला एक वही द्यायची आणि पानावर तीन रकाने आखायला लावायचे. काय दिसलं, काय ऐकलं, मला काय वाटलं. तिसरा रकाना पहिल्यात घुसला की मी लाल पेनाने रेघ मारते. 'मुलं आनंदी दिसत होती' असं कोणी लिहिलं की माझं डोकंच फिरतं. आनंदी दिसत होती म्हणजे काय दिसलं? दात दिसले? चेहऱ्यांकडे बघू नका, असं मी सांगते. पाहुणे आले की चेहरे नीट करायला पोरांना शिकवलेलं असतं. हात बघा, पाय बघा. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का बघा. स्वयंपाकघरात कोण आहे बघा. आणि संशय आला तरी मुलाला खोदून विचारायचं नाही, ते काम बालकल्याण समितीचं. आपण पाहिलं ते लिहायचं आणि त्यांच्याकडे पोचवायचं.

मग नाटक केलं. प्रतापला अधीक्षक केलं आणि बाकीच्यांना तपासायला पाठवलं. त्याने सगळ्यांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला, "आमच्याकडे सगळं ओके असतंय सर" असं म्हणत अर्धा तास खिंडीत धरलं आणि एकालाही स्वयंपाकघरापर्यंत पोचू दिलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. चहाने किती लोकांची तोंडं बंद होतात ते मुलांना त्यातून कळलं, असं मी समाधानाने माझ्या डायरीत लिहिलं. त्या वाक्याची मला चारच दिवसांत लाज वाटणार होती.

मेढा

बुधवारी सकाळी मेढ्याला निघालो. जावळीचा डोंगर चढत गाडी वर गेली तशी हवा निवली. उतारांवर पालापाचोळ्याचा राब भाजून काळी केलेली शेतं, मध्येच जांभळाची झाडं, आणि एका वळणावर करवंदं विकणारी म्हातारी. आम्हा सपाट प्रदेशातल्या माणसांना डोंगरात शेत दिसलं की हे लोक सरळ उभे तरी कसे राहतात असा प्रश्न पडतो.

तिथल्या मुलींच्या बालगृहाच्या फाटकावर आम्हाला अडवलं. अधीक्षक बाई स्वतः बाहेर आल्या. ठेंगण्या, कपाळावर चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी कॉलेजचं पत्र दिलं. त्यांनी ते उन्हाकडे धरून वाचलं आणि म्हणाल्या, "यावर बाराच नावं हायत. तुमी तेरा जण हाय."

"तेरावी मी," मी म्हटलं. "मी शिकवायला आले आहे."

"असाल की. पण तुमचं नाव न्हाई ह्यात."

तीस वर्षांची माझी नोकरी, केसांतली चांदी, कशाचाही उपयोग झाला नाही. पोरं दोन तास आत जाऊन आली आणि मी बाहेर आंब्याखाली एका दगडावर बसून पानभर करवंदं खाल्ली. पोरांचे फोनही बाईंनी फाटकावरच काढून घेतले होते. प्रताप बाहेर आला तो धुमसतच. आपल्या मॅडमना अडवतात म्हणजे काय. मी त्याला म्हटलं, लेका, वहीत लिही, सहा दिवसांत याहून चांगलं बालगृह तुला दिसायचं नाही. त्याला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर उन्हाने डोकं दुखत होतं तेव्हा मलाही पुरतं पटलेलं नव्हतं.

कोयनानगर

कोयनेच्या घाटात बारापैकी पाच जण ओकले. त्यात फौजीचं पोरगं पहिलं. सातारी माणसाला घाट लागतो हे मला नवीन होतं, आणि मी नागपूरची असून मला लागला नाही याचं मी उरलेला दिवसभर कौतुक करून घेतलं.

मुक्काम धरणाच्या वसाहतीतल्या विश्रामगृहात होता. सगळीकडे जुने बैठे बंगले, मोठाली झाडं, आणि दुपारी तीन वाजता रविवार सकाळची शांतता. व्हरांड्यात माझा तास चालू असताना कपबश्या एकदम खुळखुळल्या आणि खालची फरशी सरकल्यासारखी झाली. मी वही टाकून अंगणात. मागे बघते तर एकही जण उठलेला नाही. तिथला खानसामा बशा पुसता पुसता म्हणाला, "बारका हुता. बसा, चहा आणतो." इथल्या माणसांना धरणीकंप म्हणजे शेजाऱ्याने जोरात दार लावल्याइतकाच. "मॅडम, तुमी काय दिसलं ते लिहा, काय वाटलं ते नको," अफरीन खाली मान घालून म्हणाली, आणि सगळा व्हरांडा हसला. चार दिवसांत ती बोललेलं हे पहिलं लांब वाक्य.

गाळलेलं गाव

शुक्रवारी घाट उतरून कऱ्हाडला अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली, तीही सकाळी दहाला. भूक नव्हती, पण तिथून न खाता पुढे जाऊ दिलं जात नाही. मग दोन्ही बाजूंना ऊस, पुढे द्राक्षाचे मांडव, आणि मग एका फाट्यावरून आत वळलो. फाट्याचं नाव विचारू नका.

मेढ्याला फाटकावर अडवलं होतं, इथे फाटक सताड उघडं होतं. दारात रांगोळी. मुलं लेझीम घेऊन दोन रांगांत उभी. अधीक्षक मोहिते सर हात जोडून पुढे आले. साधासुधा माणूस, पायात झिजलेल्या चपला, खिशाला दोन पेनं. "या की म्याडम, लय लांबनं आलाय," म्हणाले आणि माझी पिशवी स्वतः घेतली. खोल्या लख्ख. संडासांना आतून कड्या. मुलं सरांच्या अंगाखांद्यावर खेळत होती, आणि भिणारं पोर अंगाखांद्यावर येत नाही हे मला कळतं. माझा मेढ्याचा राग इथे आल्यावर निवला.

"जेवल्याबिगर जायाचं न्हाई," सर म्हणाले. आम्ही येणार म्हणून त्यांनी मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून घेतली होती. पाहुण्यांना गॅसवरचं काय घालायचं, असं त्यांचं म्हणणं. चुलीपुढे बारा वर्षांची एक मुलगी बसली होती. तिला मी चिमा म्हणते. परातीत गोळा घ्यायची, दोन्ही हातांनी थापत चंद्र करायची, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायची, उलथायची आणि निखाऱ्याला उभी लावायची. भाकरी टम्म फुगली की चिमट्याविनाच उचलून टोपलीत. इकडे एक शेकतेय तोवर तिकडे दुसरी थापून तयार. आमच्याकडे भाकर म्हणतात आणि मी ती घरी अर्धी खाते. इथे मी तीन खाल्ल्या. पिठलं, खर्डा, कांदा, वर ताक. "केवढी गुणाची पोर," मी सरांना म्हटलं, चांगलं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "या वयात असा हात. शाब्बास." चिमा लाजली आणि तिने माझ्या पानात चौथी टाकली. सरांना तर धन्य धन्य झालं.

अफरीन जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली आणि चुलीजवळ जाऊन बसली. चिमाला काटक्या देत होती.

मिरज

त्या संध्याकाळी अफरीनच्या घरी चहाला गेलो, बाकीची पोरं गावात फिरायला गेली म्हणून मी आणि प्रताप असे दोघंच. खाली कारखाना, वर घर. छताला वाळके भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. तिचे अब्बा मांडीवर तानपुरा घेऊन तारेखाली दोरा सरकवत बसले होते. "या म्याडम, भुशातच बसाय लागंल," म्हणाले. आमच्याकडे चहा आला की खारी बिस्किटं येतात, इथे भडंग आलं, तेही ताटभर.

मी बशी हातात घेतली तोच अफरीनने वही उघडून माझ्यापुढे धरली. पहिला रकाना. 'मुलीच्या दोन्ही मनगटांवर आतल्या बाजूला भाजल्याचे डाग. काही जुने, काही ताजे. चूल फुलवायला कोणी सांगितलं नाही, तिनेच फुंकणी मागितली. चाळीस भाकरी केल्या, एकही मोडली नाही.'

मी चिडले. खोटं कशाला सांगू. "अगं, गावाकडच्या मुली शिकतात लवकर," मी म्हटलं. "मीही दहाव्या वर्षी शिकले. तेवढ्यावरून काय?"

"मॅडम, ती तीन वर्षांची असल्यापासून त्याच बालगृहात हाय," अफरीन म्हणाली. "तिथं गॅस हाय आणि रोज चपाती असते. तिला कुणी शिकवली?"

माझी बशी तशीच राहिली. तीस वर्षं मी हात बघा, हात बघा म्हणून ओरडते आहे. ते हात वीतभर अंतरावरून मला वाढत होते आणि मी भाकरी बघत होते.

दुसऱ्या रकान्यात चिमाचं आपणहून निघालेलं बोलणं होतं. अफरीनने एकही प्रश्न विचारला नव्हता, फक्त काटक्या दिल्या होत्या. तिथले एक मोठे बागायतदार आहेत, सगळे त्यांना बापू म्हणतात. ते चिमाला दिवाळीत घरी नेतात, आणि फेब्रुवारीपासून दर शनिवार-रविवारी. फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे त्यांच्या बेदाण्याच्या शेडवर पंधरा-वीस मजूर असायचा काळ. 'बापू रविवारी येनार हायत. आता सगळी सुट्टी तिकडंच,' असं चिमा म्हणाली होती, आणि खुशीत म्हणाली होती.

रविवार परवावर आला होता.

प्रताप उठून उभा राहिला. आत्ता गाडी काढतो म्हणाला. मी त्याला बस म्हटलं. खरी गोष्ट अशी की मला नको होतं ते. आम्ही तिथे पाहुणे म्हणून गेलो होतो, तपासणीला नाही. मोहिते सरांनी जीव लावून जेवू घातलं होतं. कॉलेजची मुलं दरवर्षी तिथे कामाला जातात, ते दार बंद होणार. शिवाय पोरगी खुशीत आहे. अशी सगळी कारणं मी भराभर मोजली आणि मग माझी मलाच किळस आली, कारण हीच कारणं मी दर वर्गात फळ्यावर लिहून खोडते.

अब्बा एवढा वेळ तार छेडत होते. ते अफरीनला म्हणाले, "तुला पक्कं खटकलंय नव्हं?"

"व्हय अब्बा."

"मग लिही. सही कर. म्याडम बी करतील."

मॅडमनी केली. मी बालकल्याण समितीच्या एका सदस्य वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पाहिलं कोणी, आणि मुलीला बाहेर पाठवायचा समितीचा आदेश आहे का. आदेशाशिवाय मूल बालगृहाबाहेर राहायला पाठवता येत नाही. मी म्हटलं, विचारावं लागेल. "तुम्ही विचारू नका. उद्या सकाळी मीच येते," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच गाव

शनिवारी मी, अफरीन आणि वकीलबाई अशा तिघी पोचलो तेव्हा मोहिते सर तशाच हसऱ्या तोंडाने बाहेर आले. "काय इसरलं व्हय म्याडम?" वकीलबाईंनी ओळख दिली, कागद दाखवला, आणि ते हसू माझ्या डोळ्यांदेखत गेलं. आदेश नव्हता. दर वेळी बापूंचा फोन यायचा आणि सर पाठवायचे. एवढीच गोष्ट.

बाई चिमाला घेऊन आतल्या खोलीत बसल्या. तिच्याशी एकटीने बोलणं हे त्यांचं काम. अफरीन, मी आणि सर व्हरांड्यात. सर माझ्याकडे बघेनात. मग म्हणाले, "लेकीवानी बघत्यात वो तिला. आमची बाकीची पोरं रडत्यात, आमाला कोन न्हेत न्हाई म्हनून. एकीला तरी घर बघाय मिळतंय, म्हनून धाडत हुतो. त्यात कसला कागद?" मग खाली बघत म्हणाले, "काल माझ्या दारात जेवलाय तुमी." जेवले होतेच मी.

तेवढ्यात फाटकातून जीप आली. वकीलबाईंनी कागद दाखवल्यावर सरांनी आत जाऊन फोन करून बापूंना बोलावलं होतं, आपली बाजू सांगायला कोणी असावं म्हणून. बापू उतरले. पांढरी टोपी, शांत चेहरा, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. चिमासाठी नवीन ड्रेस आणला होता. मी मनाशी एक राक्षस रंगवून ठेवला होता, तो काही उतरला नाही. वाकून नमस्कार करणारा माणूस उतरला.

"भाकरी करत्या ती, खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "आमच्या सुनाबी करत्यात. घरचं काम घरच्या पोरीनं केलं तर काय बिघडलं? आमची लेक असती तर तिनं केलं नसतं व्हय?"

"तुम्हाला लेक आहे ना?" मी विचारलं.

"हाय की. पुन्याला असती. इंजिनेरिंगला."

"ती बारा वर्षांची असताना मजुरांच्या भाकरी करायची का?"

ते पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत, सोडत उभे राहिले. "तिचा अभ्यास असायचा," शेवटी हळूच म्हणाले. मग म्हणाले, "म्याडम, मी वाईट मानूस न्हाई."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. आणि ते खरंच माहीत होतं, म्हणूनच मला इतका संताप आला होता. वाईट माणसाला फाटकावरूनच परत पाठवता येतं.

वकीलबाई बाहेर आल्या. त्यांनी बापूंना समितीपुढे जबाब द्यायला यायची तारीख दिली, सरांनाही दिली. चिमा आता कुठेही जाणार नाही, असं लेखी दिलं. बापू ड्रेसची पिशवी बाकावर ठेवून निघाले. बाईंनी ती उचलून त्यांच्या हातात परत दिली. जीप गेली.

मला वाटलं होतं मी सुटकेचा श्वास सोडेन. पण चिमा दारात उभी होती. खांद्याला कपडे भरलेली पिशवी, केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. बाईंनी तिला आत सगळं नीट समजावलं होतं, तुझं काही चुकलं नाही असंही दोनदा सांगितलं होतं. ती गेलेल्या जीपची धूळ बघत होती. मग ती मोहिते सरांकडे वळली.

"सर, बापूंला फोन लावा की. त्यास्नी सांगा, मी आता येळेवर उठती. मागल्या रविवारी मला उशीर झालता, चार वाजून गेलते. म्हनून न्हेलं न्हाई नव्हं? आता न्हाई हुनार तसं."

सरांनी पायरीवर बसकण मारली. आदल्या तासाभरात त्यांनी कायदा ऐकला होता, समिती ऐकली होती, माझं बोलणं ऐकलं होतं. त्यांच्या तोंडावरून एवढंच कळत होतं की हे त्यांनी आत्ता पहिल्यांदा ऐकलं.

अफरीन चिमासमोर उकिडवी बसली. "तुला उठायचंच न्हाई आता. सुट्टी लागली. झोपायचं."

चिमाने तिच्याकडे संशयाने बघितलं. "किती वाजंपतूर?"

"सात?"

"घंटा सहाला हुत्या हितं."

"मग घंटा झाली तरी झोप. आठपर्यंत झोप."

चिमाचा विश्वास बसला नाही. तिने सरांकडे बघितलं, कारण इथे परवानगी द्यायची ती त्यांनीच. सरांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"धा वाजंपतूर झोप गं," ते म्हणाले. "समदीच झोपा."

ते उठले. व्हरांड्याच्या खांबाला टांगलेली पितळी घंटा त्यांनी काढली, कार्यालयातल्या कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. चिमा त्यांच्यामागे आत गेली. तिने ते कुलूप एकदा ओढून पाहिलं, आणि मग खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.